बिनव्याजी कर्जाचं बेट

मी पनवेल तालुक्यातल्या आपट्याहून बोलतेय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते, त्यामुळे माझ्या बोलण्यात हप्ता, व्याज, रजिस्टर हे शब्द येतातच, ते सांभाळून घ्या. आजचा विषय मात्र नेहमीचा नाही. आज मी तुम्हाला टीव्हीवर खेळायच्या एका खेळाबद्दल सांगणार आहे. आणि हा विषय माझ्याकडे आला तोही कर्जाच्या अर्जातूनच.

झालं असं. आमच्या एका गटाची महिन्याची बैठक होती. बारा जणी. महिन्याला दोनशे रुपये बचत, अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपये व्याजाने. त्या दिवशी एका ताईंनी अर्ज दिला, रक्कम ३२,००० रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मुलाला गेम घ्यायचाय." सगळ्या गप्प झाल्या. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुणी म्हणालं, "अगं, रमी का काय ते? त्यात माणसं जमिनी विकून बसलीत." कुणी म्हणालं, "बत्तीस हजारांत दुभती शेळी येईल, वर पैसे उरतील." गटातल्या सर्वांत थोरल्या आजी म्हणाल्या, "खेळण्याला कर्ज काढल्याचं मी या वयात पहिल्यांदा ऐकतेय."

त्यावर त्या ताईंनी जे उत्तर दिलं, ते मला विसरता येत नाही. त्या म्हणाल्या, "गणपतीच्या मखराला आपण दोघींना कर्ज दिलं. साखरपुड्याच्या जेवणाला दिलं. ते पैसे तरी कुठं परत येतात?"

आता हे खरंच होतं. पण मला त्या खेळातलं काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना हो म्हणणं जितकं चुकीचं, तितकंच नाही म्हणणंही. मी सांगितलं, अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत ठेवूया. तोवर आपण तो खेळ डोळ्यांनी बघू.

आधी तो रमीचा गैरसमज दूर करते, कारण तो तुमच्याही गावात असेल. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे जे खेळ आहेत, रमी, पोकर, पैसे लावून केलेल्या क्रिकेटच्या टीम, ते वेगळे. त्यात खरे पैसे जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. आम्ही ज्याची चौकशी करत होतो तो खेळ त्यातला नाही. त्यात पैसे लावायचे नसतात आणि जिंकायचेही नसतात. एकदा डबा घेतला, एकदा खेळ घेतला, की घरातल्या टीव्हीला जोडून खेळायचं. या डब्याला कन्सोल म्हणतात. ताईंच्या मुलाला हवा होता तो निन्टेंडो कंपनीचा स्विच. हा टीव्हीला जोडता येतो, आणि लाइट गेली तर काढून हातात धरूनही खेळता येतो. दोन्ही बाजूंना दोन छोटे रिमोट असतात.

ही कंपनी जपानमधल्या क्योटो शहरातली. १८८९ साली सुरू झाली तेव्हा ती हाताने केलेले खेळायचे पत्ते विकायची. आपल्या कोकणात सावंतवाडीला गंजिफाचे गोल पत्ते हाताने रंगवतात ना, तसाच तिकडचा तो धंदा. आपल्या गंजिफाच्या कारागिरांना असे दिवस का आले नाहीत, हा एक वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

किमतीचं सांगायचं तर हा डबा २०१७ साली अमेरिकेत ३०० डॉलरला निघाला, आणि त्यावर चालणारा एकेक मोठा खेळ ६० डॉलरचा. आपल्याकडे तो बहुतेक बाहेरून आणलेला मिळतो, म्हणून किंमत दुकानागणिक बदलते आणि वॉरंटीचं नीट विचारून घ्यावं लागतं. ताईंनी पनवेलला दोन ठिकाणी विचारून डबा आणि खेळ मिळून ३२,००० चा आकडा आणला होता.

माझ्या नणंदेची मुलगी खारघरला असते. तिच्याकडे हा डबा आहे. बारावीच्या अभ्यासामुळे कित्येक महिने तो कपाटात होता. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आठ दिवस राहायला आली तेव्हा मी तिला तो घेऊन यायला सांगितलं. आणि मग आठ दिवस आमच्या ओटीवर गर्दी. माझी मुलगी आठवीत, ताईंची मुलगी नववीत आणि मुलगा सहावीत, शेजारची दोन पोरं, आणि दुपारची कामं उरकून आलेल्या आमच्या गटातल्या चारपाच जणी.

खेळाचं नाव 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'. २० मार्च २०२० ला तो बाहेर आला. म्हणजे बघा, आपल्याकडे टाळेबंदी लागायच्या काही दिवस आधी. जगभर माणसं घरात कोंडलेली होती आणि हा खेळ होता मोकळ्या बेटावर जाऊन राहायचा. लोकांनी तो इतका घेतला की आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्यात.

या जातीच्या खेळांना म्हणायचं तर जगण्याचे खेळ म्हणता येईल. यात मारामारी नाही, बंदूक नाही, शर्यत नाही, जिंकणं-हरणं नाही. तुम्ही एक लहानसं माणूस होता, आणि बेटावर तुम्हाला एक तंबू मिळतो. मग रोजचं जगायचं. झाडं हलवून फळं पाडायची, समुद्रावर शिंपले वेचायचे, गळ टाकून मासे धरायचे, जाळीने फुलपाखरं पकडायची, ते दुकानात विकायचं. कुऱ्हाड, फावडं स्वतः बनवायचं, आणि ते वापरून वापरून मोडतं. एका झाडाला कुऱ्हाड लावली तर दिवसाला तीनच लाकडं मिळतात, हावरटपणा चालत नाही. मिळालेल्या नाण्यांना बेल्स म्हणतात.

आमच्या बायकांनी सगळ्यात आधी काय बघितलं असेल? मासे. पोरांच्या गळाला सारखा एक सी बास नावाचा मासा लागायचा, दुकानदार त्याचे ४०० बेल्स द्यायचा. आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत सी बासच म्हणतात, जात वेगळी आहे ती सोडा. पण जिताडा म्हटल्यावर आमच्या काकी उठून टीव्हीजवळच गेल्या. "पोरं हा सारखा सारखा मिळतो म्हणून कंटाळतात?" त्यांचा विश्वासच बसेना. नारळाचं झाडही त्यात आहे, आणि ते समुद्राकाठच्या वाळूतच लागतं, आत मातीत लावू देत नाही. हे बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. जपानी माणसाला कोकणातलं कळतं म्हणे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. या खेळातली वेळ आपल्या वेळेबरोबर चालते. आपल्याकडे रात्र झाली की तिकडेही रात्र. दुकान सकाळी आठला उघडतं, रात्री दहाला बंद. फळ तोडलं की पुन्हा यायला तीन दिवस लागतात. घर बांधायला सांगितलं तर ते उद्या होतं, आज नाही. म्हणजे रोज थोडं थोडं करत राहायचं. माझ्या मनातली मोठी भीती अशी की पोरं तासन्‌तास चिकटून बसतील. ती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही, कारण मासे धरणं कधीच संपत नाही. पण बरीचशी कामं त्या दिवसापुरती तासाभरात उरकतात, हे मी बघितलं.

आणि न खेळल्याचंही दिसतं. भाचीने इतक्या महिन्यांनी डबा उघडला तर बेटभर रान माजलेलं, तिच्या घरात झुरळं पळत होती! शेजारी विचारत होते, इतके दिवस कुठं होतीस. हे शेजारी म्हणजे माणसासारखे बोलणारे प्राणी, कुणी मांजर, कुणी अस्वल, कुणी बदक. एका बेटावर जास्तीत जास्त दहा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक आळशी, सारखा खाण्याच्या गोष्टी करणारा, एक सतत व्यायाम करणारा, एक जरा तोरा मिरवणारी. त्यांना पत्र लिहिता येतं, भेट देता येते. आमच्या गटातल्या एकीने लगेच त्या तोरा मिरवणारीचं नाव आमच्यातल्याच एका मैत्रिणीवरून ठेवलं. ते नाव मी रेडिओवर सांगत नाही.

आमच्याकडे खेळातलं सगळं लिखाण इंग्रजीत होतं. मराठी नाही, हिंदीही नाही. पहिल्या दिवशी भाची वाचून सांगत होती, चौथ्या दिवशी ताईंची मुलगी स्वतः वाचून आम्हाला मराठीत सांगायला लागली. अडलं तर माझ्याकडे यायची. बी.ए. झाल्याचा मला असा उपयोग क्वचितच होतो.

आता कर्जाकडे येते, कारण माझं खरं लक्ष तिथेच होतं. या बेटाचा कारभारी टॉम नुक नावाचा एक प्राणी आहे. जपानमध्ये तनुकी म्हणून कुत्र्याच्या कुळातला एक जंगली प्राणी असतो, तो हा. तंबूतून तुम्हाला पक्क्या घरात जायचं असेल तर तो कर्ज देतो. पहिलं कर्ज ९८,००० बेल्स. ते फिटलं की तो विचारतो, घर वाढवायचं? मग १,९८,०००. मग मागची खोली, मग बाजूच्या खोल्या, माडी, तळघर. शेवटचं कर्ज २४,९८,००० चं. भाचीने सगळं फेडलं होतं, आम्ही वहीवर बेरीज केली तर ५६,९६,००० झाले.

आणि या कर्जाला व्याज नाही. हप्ता नाही. तारीख नाही. जामीन नाही. वाटलं तर आज शंभर भरा, वाटलं तर वर्षभर भरू नका, कुणी दारात येत नाही.

थोरल्या आजी हे ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "व्याज नाही, तारीख नाही, मग हा सावकार जगतो कशावर?"

मैत्रिणींनो, मी इतकी वर्षं बँकेच्या प्रशिक्षणांना बसतेय, पण इतका नेमका प्रश्न मी ऐकला नव्हता. उत्तर भाचीने दिलं. ती म्हणाली, "आजी, त्याचे पैसे मामीने आधीच दुकानात दिलेले असतात." म्हणजे खेळाची किंमत. बेटावरचा सावकार फुकटात कर्ज देऊ शकतो, कारण खऱ्या दुकानात त्याच्या मालकाने साठ डॉलर आधीच वाजवून घेतलेत, आणि तेही चार कोटींहून जास्त लोकांकडून.

मी त्याच दिवशी पोरांना समोर बसवलं आणि पाटीवर मांडून दाखवलं. ताईंचं ३२,००० चं कर्ज आपल्या गटातून काढलं, महिन्याला २,००० मुद्दल फेडलं, तर सोळा महिने लागतील. पहिल्या महिन्याचं व्याज ६४० रुपये. मुद्दल कमी होईल तसं व्याज उतरत जाईल, तरी सोळा महिन्यांचं मिळून ५,४४० रुपये व्याज. ते व्याज आपल्याच गटात राहतं, वर्षाअखेर आपल्यातच वाटलं जातं, हा भाग चांगला. पण ताईंच्या खिशातून ते जाणार, हे खरं. सहावीतला मुलगा बराच वेळ पाटीकडे बघत होता. त्याला वाटत होतं कर्ज म्हणजे टॉम नुकचं असतं तसं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपण मुलांसमोर कर्जाचं बोलत नाही, दार लावून बोलतो. मग त्यांना कर्ज पहिल्यांदा कुठं भेटतं? अशा हसऱ्या प्राण्याकडे, जो कधीच तगादा लावत नाही. आणि आठवडी वसुलीवाल्या फायनान्सच्या गाड्या गावात कशा येतात हे तुम्हाला माहीतच आहे.

बँकही आहे बरं का त्या बेटावर. शिल्लक ठेवली तर महिन्याला व्याज मिळतं. लोकांनी त्यात लाखोंनी ठेवी ठेवल्या आणि घड्याळ पुढे करून व्याज खायला लागले, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये कंपनीने व्याजाचा दर एकदम दहा पटीने खाली आणला. आधी हजाराला पाच मिळायचे, ते पन्नास पैशांवर आले. लंडनच्या फायनान्शियल टाइम्ससारख्या मोठ्या वर्तमानपत्राने त्याची बातमी दिली होती. आमच्यातल्या एकीच्या एफडीचं तसंच झालंय, ती म्हणाली, "म्हणजे तिथंही तेच."

आणि एक सलगमचा बाजार. दर रविवारी पहाटे पाच ते दुपारी बारा एक डुकरीण सलगम विकायला येते. दर साधारण ९० ते ११० बेल्स. ते घ्यायचे आणि सोमवार ते शनिवारच्या आत विकायचे. दुकानदाराचा भाव रोज सकाळ-दुपार बदलतो. कधी ५० होतो, कधी नशिबाने ५०० च्या वर जातो. पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सगळे नासतात. जपानी भाषेत सलगम आणि शेअर बाजारातला शेअर या दोन्हींना एकच उच्चार आहे, काबू. म्हणून हा विनोद. माझ्या मुलीने तिच्याकडचे सगळे बेल्स सलगममध्ये घातले. बुधवारी भाव ८० वर आला. ती थांबली. गुरुवारी ६४. शुक्रवारी ती रडवेली झाली आणि विकून मोकळी झाली. आमच्यात मेथी-माठाच्या जुड्या घेऊन पनवेलच्या बाजाराला बसणाऱ्या एक वहिनी आहेत, त्या म्हणाल्या, "सगळं एकाच टोपलीत भरायचं नाही, हे मी पोरीला सांगणार होते, पण म्हटलं शिकू दे. इथं शिकली तर फुकट आहे."

हे असले खेळ कुणाला सुचले असतील, असं माझ्या मनात आलं, म्हणून मी वाचून काढलं. या खेळाची कल्पना कात्सुया एगुची या निन्टेंडोतल्या माणसाची. नोकरीसाठी चिबाहून क्योटोला आला, घर, मित्र सगळं मागे राहिलं. आपल्या माणसांजवळ असणं किती मोठं असतं हे त्याला तेव्हा कळलं. त्यातून त्याने असा खेळ काढला की घरातले सगळे आपापल्या वेळेला खेळतील, बाप रात्री उशिरा कामावरून आला तरी पोराने दिवसा ठेवलेलं त्याला सापडेल. पहिला खेळ जपानमध्ये २००१ साली आला. त्याच्याही आधी, १९९६ साली, यासुहिरो वादा याने शेतीचा खेळ काढला होता, इंग्रजीत त्याला हार्वेस्ट मून म्हणतात. तो मियाझाकीच्या ग्रामीण भागात वाढलेला, टोकियोत आल्यावर त्याला गाव आठवायला लागलं. आणि अमेरिकेतल्या विल राइटचं घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. पुन्हा एकेक भांडं, एकेक खुर्ची घेऊन संसार उभा करताना त्याला 'द सिम्स' सुचला. तो २००० साली आला, पुढे कन्सोलवरही आला. त्यात माणसांना भूक लागते, झोप येते, संडासला जावं लागतं, बिलं भरावी लागतात, उष्टी ताटं तशीच राहिली तर माश्या घोंगावतात. घरकाम मोजणारा खेळ म्हणून तो मला जास्त खरा वाटतो.

कारण ॲनिमल क्रॉसिंगच्या बेटावर मला एक गोष्ट सारखी खटकत होती. तिथे कुणी सकाळी उठून पाणी भरत नाही. भाकऱ्या थापत नाही. कुणाचं बाळंतपण नाही, सासूचं दुखणं नाही. गांधीलमाशी चावली तर औषधाची एक पुडी, की बरे. घर मोठं केलं की झाडायलाही जास्त लागतं, हे त्या खेळाला माहीतच नाही. चावडीवर बसून संसाराच्या गप्पा माराव्यात तसं आहे ते.

पण मग आपली भातुकलीही तशीच होती की. इवलीशी चूल, इवली बोळकी, चुरमुऱ्यांचा भात. त्यातही बाळंतपण नव्हतंच, फार तर बाहुला-बाहुलीचं लग्न. पुण्याच्या विलास करंदीकरांनी तर भातुकलीच्या भांड्यांचा मोठा संग्रह केलाय, ठिकठिकाणी प्रदर्शनं मांडलीत. ती बघायला आजीबाया गर्दी करतात. आणि आपण आपटेकर तर खोटं खोटं गाव उभं करण्यात मुरलेलो. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' चा शेवटचा गाडीचा प्रसंग, १९९५ सालचा, तो आपल्याच स्टेशनावरचा. सिनेमात ते पंजाब आहे. आपण तिकडे बसून पनवेलच्या गाडीची वाट बघतो, आणि लोक म्हणतात हेच ते पंजाब. त्यामुळे टीव्हीतल्या बेटावर राहायला जाणं यात काही वेडेपणा आहे असं निदान आपट्यात तरी कुणी म्हणू नये.

आता मुलांच्या तब्येतीचं. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३,२७४ खेळाडूंचा अभ्यास मांडला, त्यातले बहुतेक याच खेळाचे. खेळलेला वेळ त्यांनी कंपनीकडूनच घेतला, लोकांच्या सांगण्यावर ठेवला नाही. जास्त खेळणारे थोडे जास्त समाधानी निघाले. पण लगेच हुरळून जाऊ नका. २०२२ साली त्यांनीच सुमारे ३९,००० खेळाडूंचा अभ्यास केला, तेव्हा वेळेने चांगला किंवा वाईट असा फारसा फरक पडत नाही असं दिसलं. आणि हे सगळे मोठी माणसं होती, आपल्या सहावीतल्या पोराला ते तसंच्या तसं लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजार म्हणून यादीत घेतलंय. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं, ही त्याची लक्षणं. हट्ट केला, रडला, म्हणजे व्यसन नव्हे. या डब्यात पालकांसाठी मोबाइलवरून वेळ ठरवून द्यायची सोय आहे. दिवसाला एक तास ठरवला तर तासाने सूचना येते, हवं तर खेळ आपोआप थांबवताही येतो. तो आकडा आईच्या मोबाइलवर ठेवा, मोठ्या भावाच्या नको.

भावावरून आठवलं, आणि ही या आठ दिवसांतली मला सगळ्यात लागलेली गोष्ट. एका डब्यावर एकच बेट. घरात आठ जण त्यावर आपापलं घर करू शकतात, पण ज्याने पहिल्यांदा खेळ सुरू केला तो बेटाचा मुख्य प्रतिनिधी. दुकान कुठे, पूल कुठे, नवा शेजारी कुठे राहील, हे तोच ठरवतो. बाकीचे फक्त राहतात. आमच्याकडे भाची मुख्य होती, बाकीची पोरं तंबूत. दोघं मिळून एकाच वेळी खेळायचे तेव्हाही एक पुढे, दुसरा मागे, पडदा पुढच्याबरोबर सरकतो. मागच्याने काही उचललं तर ते त्याच्या पिशवीत जात नाही, एका पेटीत जमा होतं. पुढे कोण हे बदलता येतं, पण ते कुणीतरी बदलावं लागतं. तर पाचव्या दिवशी ताईंच्या मुलीने भाचीला विचारलं, "मुख्य नंतर बदलता येतो का?" भाची म्हणाली, बेट पुसून नवीन करावं लागेल. मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे दादूच." दादू म्हणजे तिचा तिच्याहून तीन वर्षांनी लहान भाऊ. ताई तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्याची बैठक आली. मी जे बघितलं ते सगळं सांगितलं, चांगलं आणि वाईट. थोरल्या आजींचं म्हणणं बदललं नाही. त्या म्हणाल्या, "खेळ चांगला असेल, पण बत्तीस हजार चांगले नाहीत." मला तेच पटत होतं. ताई उठल्या आणि त्यांनी अर्ज परत मागितला. मला वाटलं, मागे घेतायत. तर त्यांनी रक्कम खोडली आणि १२,००० केली. खारघरला भाचीच्या ओळखीत एकजण वापरलेला डबा खेळासकट विकत होता, तो त्यांनी चालवून बघितला होता. वरचे पैसे भाताचे पैसे आल्यावर त्या स्वतः घालणार होत्या. बारा हप्ते, महिन्याला १,००० मुद्दल, एकूण व्याज १,५६०. हे त्यांनी स्वतः मांडून आणलं होतं, मला पाटी घ्यावी लागली नाही.

एकीने विचारलं, "मुलाचा हट्ट पुरवायचाच ठरवलंत तर." ताई म्हणाल्या, "बेट मुलीच्या नावाने सुरू होणार. ती मोठी आहे."

हात वर करून मत घेतलं. सात जणी हो, चार नाही. ताईंनी स्वतःच्या अर्जावर मत द्यायचं नाही हा आमचा नियम आहे. नाही म्हणणाऱ्यांत आजी होत्या, आणि खरं सांगायचं तर माझं मत असतं तर कुठे गेलं असतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. समन्वयकाला मत नसतं, ते बरं आहे.

मग रजिस्टर भरायला घेतलं. कर्जाच्या कारणाचा रकाना आला. सचिव म्हणाल्या, "शिक्षण लिहू का? इंग्रजी येतं ना त्याने." दुसरी म्हणाली, घरखर्च लिही, कुणी विचारणार नाही. ताई म्हणाल्या, "खेळ लिहा." नऊ वर्षांच्या आमच्या रजिस्टरात आजारपण आहे, शाळेची फी आहे, बियाणं, लग्न, गणपती, शिवणयंत्र आहे. खेळ हा शब्द पहिल्यांदा लिहिला गेला.

पहिला हप्ता १,२४० रुपये वेळेवर आला. मुलीने पक्क्या घराचं कर्ज काढलंय, रोज थोडं फेडते. दादू तंबूत आहे आणि तक्रार करतो. या रविवारी मी सलगमचा भाव विचारायला जाणार आहे.